मोठ्या हॉटेलात बुजायचं कशाला?

मुलांनो, दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात मी वर्गाला दहा ओळी लिहायला सांगते. विषय ठरलेला : 'सुट्टीत मी काय पाहिलं?' बहुतेकांच्या वहीत मामाचं गाव, आंबे, कृष्णेत डुंबणं आणि वरातीतला नाच असतो. एका वर्षी एका मुलाच्या वहीत मात्र वेगळंच सापडलं. तो आईवडील आणि धाकट्या बहिणीबरोबर सांगलीहून महाबळेश्वरला गेला होता. पेठ नाका, कराड, सातारा, मग मेढ्यावरून केळघरचा घाट, सगळं त्यानं क्रमानं लिहिलं होतं. दुपारी भूक लागली तेव्हा ही मंडळी एका मोठ्या हॉटेलाच्या काचेच्या दारापाशी गेली. आत पांढरी टेबलं, उलटे ठेवलेले ग्लास, काळा कोट घातलेला माणूस. पप्पांनी दोन मिनिटं आत बघितलं आणि म्हणाले, "चला, हे आपल्यासाठी न्हाई." मग चौघांनी बाहेर गाड्यावर वडापाव खाल्ला. वडापाव चांगला होता, असंही त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

वडापाव चांगला होता हे वाचून बरं वाटलं. पण त्याच्या आधीचं वाक्य मला काही सोडेना.

'परवडत नाही' हे एक वाक्य आहे आणि 'आपल्यासाठी नाही' हे दुसरं. पहिलं वाक्य आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी रोज म्हटलं जातं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट ते हिशेबी माणसाचं लक्षण आहे. दुसरं वाक्य वेगळं. त्यात पैशाचा हिशेब नसतो, भीती असते. तिथली पद्धत आपल्याला ठाऊक नाही, कोणी हसेल, कोणी हटकेल, ही ती भीती. वर्गात मी विषय काढला तर काय प्रश्न आले बघा : "बाई, तिथं हातानं खाल्लं तर हाकलतात का?" "बाई, इंग्रजीच बोलावं लागतं का?" "ताटात उरलं तर दंड असतो का?" "पैसे आधी द्यायचे की मागनं?" चौथीची मुलं ही! पण खरं सांगू का, हेच प्रश्न त्यांच्या पालकांच्याही मनात असतात. फक्त ते विचारत नाहीत.

तर चला, ते काचेचं दार ढकलून आत जाऊ.

आधी 'रेस्टॉरंट' या शब्दाची गंमत. आपल्याकडे एस.टी. स्टँडसमोरच्या पत्र्याच्या शेडलाही 'हॉटेल' म्हणतात आणि पंचतारांकित वाड्यालाही 'हॉटेल'च म्हणतात. रेस्टॉरंट हा शब्द मूळ फ्रान्सचा. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिस शहरात आजारी, अशक्त माणसाला तरतरी यावी म्हणून मांसाचा एक कढ देत असत. त्या कढाचं नाव 'रेस्तोराँ', म्हणजे ताकद परत आणणारा. आपण आजाऱ्याला पेज किंवा मुगाचं कढण देतो ना, तसंच. हा कढ विकणाऱ्या दुकानांना पुढं कढाचंच नाव पडलं! त्याआधी तिथल्या प्रवाशांना खाणावळीत एकाच मोठ्या टेबलाला बसावं लागे. जे शिजलं असेल ते, ज्या वेळी वाढतील त्या वेळी खायचं. नव्या दुकानांनी वेगळं टेबल दिलं, पदार्थांची किमतीसकट यादी दिली आणि गिऱ्हाइकाला विचारलं, "आपल्याला काय हवं?" आज ज्याला आपण मेनूकार्ड म्हणतो ते त्या यादीचंच नातवंड.

आता टेबल. सुऱ्या, काटे, चमचे मांडलेले बघून पुष्कळांची छाती दडपते. पण मला सांगा, सणाचं ताट वाढताना आजी मीठ कुठं वाढते? वर, मधोमध. लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डाव्या हाताला. भाजी, उसळ, आमटी उजव्या हाताला. कोणी चुकून चटणी उजवीकडे वाढली तर आजी लगेच टोकते. म्हणजे ताटाचा एक नकाशा असतो आणि तो तुम्हांला कधीच पाठ करावा लागला नाही. तसाच त्या टेबलाचाही नकाशा आहे. काटा डावीकडे, सुरी आणि सुपाचा चमचा उजवीकडे. एकापेक्षा जास्त काटे-चमचे मांडले असतील तर बाहेरच्या बाजूनं सुरुवात करायची आणि एकेक पदार्थ येईल तसं आत सरकायचं. घडी करून ठेवलेलं कापड म्हणजे नॅपकिन, ते मांडीवर. बस्स, संपला धडा!

आणि ज्या काट्याला आपण एवढं घाबरतो, त्याला एके काळी खुद्द इंग्रज हसत होते. टॉमस कोरिएट नावाचा एक भटका इंग्रज इटलीत फिरून आला. तिथं लोक काट्यानं खातात हे त्यानं १६११ साली छापलेल्या आपल्या प्रवासाच्या पुस्तकात लिहिलं आणि स्वतःही काटा वापरू लागला. मित्रांनी त्याची भरपूर टिंगल केली. हा माणूस पुढं बरंचसं अंतर पायी तुडवत हिंदुस्थानात आला आणि १६१७ साली सुरतेला वारला. इथल्या माणसांना हातानं जेवताना बघून त्याला काय वाटलं असेल, असं माझ्या मनात नेहमी येतं. असो. मुद्दा असा, की चपाती, रोटी, भाकरी हातानंच मोडायची असते. महागड्या हॉटेलातही लोक ती हातानंच मोडतात आणि कोणी हाकलत नाही. जेवणानंतर वाटीत कोमट पाणी आणि लिंबाची फोड येते, ती बोटं धुवायला. सूप समजून पिऊ नका!

आता मेनूकार्ड. काही ठिकाणी हल्ली कार्डाऐवजी टेबलावर काळीपांढरी चौकोनी नक्षी असते, मोबाइल तिच्यासमोर धरला की यादी उघडते. मोबाइलवर वाचायचा कंटाळा असेल तर छापील कार्ड मागावं. कार्डात आधी सूप, मग स्टार्टर म्हणजे जेवणाआधीचं तोंडी लावणं, मग मेन कोर्स म्हणजे भाजी, रोटी, भात, आणि शेवटी डेझर्ट म्हणजे गोड. आपण ताटात सगळं एकदम वाढतो, गोडसुद्धा. हे लोक एकामागून एक आणतात. एवढाच फरक.

मी एक गोष्ट पाहिली आहे. एरवी मराठी डावीकडून उजवीकडे वाचणारे बाबा मेनूकार्ड मात्र उजवीकडून डावीकडे वाचतात. आधी किंमत, मग पदार्थ! त्यात हसण्यासारखं काही नाही, ते शहाणपणच आहे. मुलांनीही ते शिकावं. दोन प्रश्न तर बिनधास्त विचारावेत : "हे नेमकं काय असतं?" आणि "हे किती जणांना पुरतं?" ऑर्डर घेणाऱ्याचं कामच ते सांगण्याचं आहे. आणि विचारायचं ते मराठीतच. आपण साताऱ्यात आहोत की लंडनमध्ये? बसण्याआधी दारातच मेनूकार्ड मागून बघता येतं. बघितलं, जास्त वाटलं, तर "बरं, परत येऊ" म्हणून निघता येतं. याला 'परवडत नाही' म्हणतात. ते ताठ मानेनं म्हणता येतं.

यादीतल्या जडजड नावांमागं कधी कधी आपलीच माणसं लपलेली असतात. पुलावात बेदाणे आहेत? ते तासगावकडचे असू शकतील. सांगलीच्या बेदाण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे त्या नावानं दुसऱ्या कुठलाही माल विकायचा नाही, असा शिक्का. सांगलीच्या हळदीलाही ते २०१८ साली मिळालं आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला त्याच्या कितीतरी आधी, २०१० साली. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल खणलेली पेवं आहेत. त्यांत हळद साठवण्याची जुनी रीत होती. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून फार नुकसान झालं. पांढऱ्या बशीतल्या पिवळ्याधमक रश्शाला 'यलो ग्रेव्ही' असं काहीतरी नाव असतं खरं, पण त्यातली हळद कदाचित तुमच्या आजोबांच्या शेतातून बाजार समितीत आणि तिथून इथवर आलेली असेल. मग हे हॉटेल 'आपल्यासाठी नाही' कसं?

हे सगळं यायच्या आधी टेबलावर येतं ते पाणी. वेटर विचारतो, "बाटलीचं की साधं?" साधं मागायला संकोच करू नका. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा हॉटेल जास्त पैसे लावू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये तसा निकाल दिला आहे. कारण तिथं आपण नुसती बाटली विकत घेत नाही, बसायची जागा, गारवा, वाढणारा माणूस हेही घेतो.

पण या पाण्याच्या ग्लासापाशी मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे. त्याला कारण साताऱ्याचंच आहे.

१९०१ साल. साताऱ्यात राहणारी चार मुलं सुट्टीत वडिलांना भेटायला निघाली. दोघे भाऊ आणि त्यांच्या मोठ्या बहिणीची दोन मुलं. वडील खटाव तालुक्यात एका तलावाच्या कामावर खजिनदार होते. दुष्काळातल्या लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तो तलाव काढला होता. मुलांचा पहिलाच रेल्वेचा प्रवास! नवे सदरे, नक्षीदार टोप्या, नवे बूट, काठाची धोतरं. बरोबर शिदोरी. टांग्यानं स्टेशन गाठलं, गाडीनं मसूरला उतरली. तुम्ही सहलीला जाताना जसे खूश असता तशीच ती होती.

पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणी आलं नाही. संध्याकाळ व्हायला आलेली. स्टेशनमास्तरांनी चांगले कपडे बघून आपुलकीनं चौकशी केली. पण ही मुलं अस्पृश्य मानलेल्या जातीची आहेत हे कळल्याबरोबर त्यांचा चेहराच बदलला. बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी एक जण तयार झाला, तोही दुप्पट भाड्यावर. गाडी मुलांनी हाकायची आणि तो चालत येणार, अशा अटीवर! वाटेत मुलांनी शिदोरी सोडली. खायला भरपूर होतं, पाणी नव्हतं. जवळ होतं ते घाण, वास येणारं. पुढं रात्री टोलनाक्यापाशी पाणी मागितलं, तिथंही मिळालं नाही. पाण्यावाचून घास घशाखाली उतरेना. अन्न जवळ असूनही ती चारही मुलं उपाशी झोपली.

त्यांतला एक मुलगा जेमतेम दहा वर्षांचा होता. नाव भीमराव. हो, आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव दाखल झालं, म्हणून आज महाराष्ट्रात तो दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतात. या प्रवासाची हकिगत त्यांनी मोठेपणी स्वतः लिहून ठेवली आहे.

आता सांगलीहून जवळच असलेल्या कोल्हापूरची गोष्ट ऐका, तीही हॉटेलचीच. छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून इतरांनी त्यांना मारलं. महाराजांना कळल्यावर ते संतापले. त्यांनी गंगारामांना पैसे देऊन चहाचं हॉटेल काढायला लावलं. हॉटेल निघालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांनी काय करावं? आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवली आणि सगळ्यांच्या देखत गंगारामांच्या हातचा चहा घेतला. बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. राजा रस्त्यावर चहा पितोय, आता कोण नाही म्हणणार! इकडं साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं आणि तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

एकेक माणूस असा झटला. पण राजा प्रत्येक हॉटेलात चहा प्यायला कसा जाणार? त्यासाठी कायदा लागतो. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. तिचं कलम १५ काढून बघा. घरात पुस्तक नसेल तर शाळेत गुरुजींना किंवा बाईंना विचारा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्यावरून कोणालाही दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात जायला आडकाठी करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पुढच्याच ओळीत सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट आहेत. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत हॉटेलाचं नाव! आणि त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे तुम्हांला पाठच आहे.

त्या मुलाच्या पप्पांना यातलं काही ठाऊक नसेल किंवा असेलही. पण काचेचं दार त्यांना पन्नास-शंभर रुपयांनी अडवलं नव्हतं, हे मला पक्कं वाटतं.

बरं, जेवण झालं. आता बिल. गणिताच्या तासाला मी हे उदाहरण हमखास घालते. समजा, पदार्थांचे झाले १,२०० रुपये. साध्या रेस्टॉरंटमध्ये त्यावर ५ टक्के जी.एस.टी., म्हणजे ६० रुपये. बिलावर तो अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. एकूण १,२६०. (खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांहून जास्त असलेल्या बड्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागू शकतो. तिथं किती होतील ते तुम्ही काढा.) आता कधी कधी मध्येच एक ओळ असते : सर्व्हिस चार्ज १० टक्के. म्हणजे १२० रुपये. मग १,३२० वर जी.एस.टी. ६६ रुपये आणि बिल होतं १,३८६! सव्वाशे रुपयांचा फरक. हा सर्व्हिस चार्ज सरकारी कर नव्हे. तो आपणहून बिलात लावून सक्तीनं घेता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी ते उचलून धरलं. तेव्हा शांतपणे म्हणायचं, "एवढी ओळ काढून द्या." वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. बिलावर आणखी एक चौदा आकडी क्रमांक असतो, अन्न सुरक्षेच्या परवान्याचा. १ जानेवारी २०२२ पासून तो छापणं सक्तीचं आहे. मुलांनी मोजून बघावा, चौदाच आहेत ना ते.

बिल वाचणं म्हणजे कंजूषपणा, असं काही मोठ्यांना वाटतं. पाहुण्यांसमोर तर बिल न बघताच पैसे ठेवण्याची पद्धत आहे. मला ती मुळीच पटत नाही. वाण्याची यादी आपण दोनदा तपासतो, मग हीच का नको?

टिप मात्र वेगळी. ती आपल्या मनानं, वाढणाऱ्याचं काम आवडलं तर. किती द्यावी याचा नियम नाही. पुष्कळ जण बिलाच्या दहा टक्क्यांच्या आसपास देतात, कोणी वरची सुट्टी मोड ठेवतं. पण पैशापेक्षाही एक गोष्ट मी मुलांना बजावून सांगते. वेटरला चुटकी वाजवून किंवा "ए शुकशुक" करून बोलावायचं नाही. तो तुमच्या काकाच्या वयाचा असला तर "काका" म्हणा, तरुण असला तर "दादा". सकाळपासून तो उभा आहे. आपण गार हवेत बसून सूप पितो तेव्हा आतल्या भटारखान्यात भट्टीपाशी कोणीतरी घामानं निथळत असतं. ती दारं उघडझाप होतात तेव्हा आत डोकावून बघा, एका तव्यापाशी किती हात असतात ते. जमिनीवर काही सांडलं तर "सॉरी दादा" म्हणावं, घाबरू नये. दंड वगैरे काही नसतो.

आमच्या वर्गात आम्ही एकदा हॉटेल-हॉटेल खेळलो. दोन बाकं जोडून टेबल, फळ्यावर मेनूकार्ड : पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भडंग, आणि मोठ्या अक्षरांत 'शेफ स्पेशल कांदाभजी'. मालक व्हायला सगळेच तयार, वेटर व्हायला कोणी नाही. मग चिठ्ठ्या टाकल्या. वेटर झालेल्या मुलीनं दहा मिनिटांत पाच टेबलांच्या ऑर्डरी लक्षात ठेवून दाखवल्या आणि बिलात पैशाचीही चूक केली नाही. गिऱ्हाइकांनी मात्र पाणी सांडलं, भांडणं केली आणि एकानं तर टिप म्हणून खडू दिला.

राहता राहिला उरलेल्या अन्नाचा प्रश्न. मोठ्या हॉटेलात वाट्या दिसायला लहान, पण आत भाजी पुष्कळ असते. चौघांनी मिळून आधी थोडंच मागवावं, लागलं तर पुन्हा सांगावं. तरीही उरलं तर "पार्सल करून द्या" म्हणायला अजिबात लाजू नका. पैसे आपण दिलेत, अन्न आपलं आहे. पुण्या-मुंबईच्या गाडीवाल्या मंडळींनाही ते बांधून नेताना मी पाहिलं आहे. फक्त मे महिन्याच्या उन्हात ते एस.टी.त सांगलीपर्यंत न्यायचं असेल तर पनीरची भाजी, दह्याची कोशिंबीर, क्रीम घातलेलं गोड हे टेबलावरच संपवून टाका. सुकी रोटी बांधून घ्या. कराड यायच्या आत पुन्हा भूक लागतेच.